हात मागे

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी सर मला बघायला दवाखान्यात आले. फळं नाहीत, फुलं नाहीत, "कसं वाटतंय आता?" नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, चादरीबाहेर आलेल्या माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरांनी किती किलोला परवानगी दिलीय?"

मी म्हटलं, "दोन. तेही सहा आठवड्यांनी."

"तुझी सायकल साडेतेरा किलोची आहे," सर म्हणाले. आणि गेले.

माझा नवरा शेजारी मोसंबं सोलत बसला होता. "हा माणूस वेडा आहे की नालायक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही," तो म्हणाला. मला हसताही येत नव्हतं, हसलं की टाके ओढायचे. या गोष्टीला आता चार वर्षं होतील. मलाही अजून ठरवता आलेलं नाही.

सर म्हणजे आमच्या रविवारच्या डोंगरातल्या सायकलवाल्यांचे सर. त्यांची सगळी नोकरी कल्याणच्या बाजूला एका आयटीआयमध्ये मुलांना लेथ मशीन शिकवण्यात गेली. राहायला नौपाड्यात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. रिटायर झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. सरांनी जाड टायरची सायकल घेतली. ती रोज खांद्यावर घालून ते तीन जिने चढायचे. खाली जागा होती, छप्पर होतं, वॉचमन होता. सेक्रेटरी एकदा म्हणाले, "अहो, खाली ठेवा की, कोण नेतंय?" तर सर म्हणाले, "कोणी नेईल म्हणून नाही. मला नेता येतेय का, ते रोज बघतो."

दिसायला उंच, काटकुळे. आम्ही सगळे अंगाला चिकटणारे रंगीबेरंगी कपडे घालून यायचो आणि सर वर्कशॉपमधल्या जुन्या खाकी पँटी गुडघ्यावर कापून घालायचे. पाठीवरच्या पिशवीत पाने, पंक्चरचं सामान, एक पेरू आणि कागदाच्या पुडीत तिखटमीठ. येऊरच्या चढाला लागण्याआधी सगळ्यांना एका ओळीत उभं करून प्रत्येकाचा ब्रेक स्वतःच्या अंगठ्याने दाबून बघायचे. डोंबिवलीहून गाडीच्या टपावर सायकल बांधून येणारा निखिल हा आमच्यातला सगळ्यात तरुण. त्याच्या सायकलची किंमत ऐकून माझ्या नवऱ्याला ठसका लागला होता. त्या सायकलचा ब्रेक दाबून सर म्हणाले होते, "याने म्हैससुद्धा थांबणार नाही." निघायच्या वेळी "चला" नाही म्हणायचे. "लागा" म्हणायचे, मशीनला लागा म्हणतात तसं. शाबासकी त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. एखादा फारच सुरेख उतरला तर "चालेल." थँक यू आणि सॉरी हे दोन शब्द तर त्यांना शिकवलेच नसावेत.

आणि एक नियम. आपली सायकल आपण उचलायची.

याला कारण आमचा ओढा. येऊरला पाड्यामागून एक पायवाट जंगलात जाते आणि पुढे ओढ्यात उतरते. तिथे तीस-पस्तीस पावलं नुसते दगड, काही कमरेएवढे. सायकल ढकलता येत नाही, चालवण्याचा तर प्रश्नच नाही, खांद्यावर घ्यावीच लागते. ओढ्यापलीकडे मग उतार लागतो. सागाच्या पाचोळ्यातून, मुळांवरून, तांबड्या मातीतून जाणारा जेमतेम हातभर रुंद उतार. बूड सीटच्या मागे, कोपरं वाकलेली, नजर पुढच्या वळणावर. सहा-सात मिनिटांचा असेल, पण तेवढ्या वेळात डोक्यात ऑफिस नसतं, मुलीची परीक्षा नसते, सासूबाईंची साखर नसते. आठवडाभर मी त्या सात मिनिटांवर काढायचे. आणि तिथे जायचं तर ओढा ओलांडायचा.

सरांकडे येण्याआधी मी ठाण्यातल्याच दुसऱ्या एका ग्रुपमध्ये वर्षभर होते. सगळी सज्जन माणसं. दगड दिसला रे दिसला की "मॅडम, द्या इकडे!" माझ्या हातातून सायकल जायची आणि मी मागून मोकळ्या हातांनी, हळदीकुंकवाला निघाल्यासारखी चालायची. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटायचं, म्हणून त्यांची समजूतही मीच घालायची. सरांच्या ग्रुपमधल्या पहिल्या रविवारी ओढ्यापाशी आलो तर निखिल सवयीने पुढे झाला. इतक्यात मागून आवाज आला, "हात मागे!"

मी दचकलेच. बघते तर चारही पुरुष हात मागे बांधून उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. सर म्हणाले, "तिची सायकल आहे. ती उचलेल, नाहीतर नाही उचलणार. तुमचं काय काम?"

मला दहा मिनिटं लागली. नडगी सोलवटली, पेडल पोटरीत घुसलं, दोनदा सायकलसकट खाली बसले. कुणी हूं की चूं केलं नाही. पलीकडे पोचले तेव्हा सर म्हणाले, "चालेल." त्या दिवशी वर्तकनगरला घरी येईपर्यंत मी गाणं म्हणत होते. चाळिशीला आलेल्या बाईला चार पुरुषांनी मदत केली नाही याचा इतका आनंद व्हावा, हे मी नवऱ्याला समजावून सांगायला गेले आणि मध्येच सोडून दिलं.

तेव्हा, सरांवर मी राग धरून आहे हे खरं, पण आधी त्यांना डोक्यावर घेतलं होतं तेही मीच.

कंबर त्याच ओढ्यात गेली. पाऊस नुकताच ओसरला होता, दगडांवर शेवाळ होतं. दोन आठवडे माझी कंबर धरली होती आणि डाव्या कुल्ल्यातून मांडीपर्यंत कळ जायची. ओढ्यापाशी मी म्हटलं, "सर, आज कंबर ठीक नाही."

सर म्हणाले, "मग रस्त्याने परत जा. ओढ्यात यायचं तर उचलायची."

एवढंच. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. परत जायला रस्ता होता, कुणी अडवलं नव्हतं. पण पलीकडे उतार होता आणि अलीकडे चार माणसं हात मागे बांधून उभी होती. मी उचलली. तिसऱ्या दगडावर पाय सरकला, सायकल एकीकडे आणि मी दुसरीकडे अशी पिळवटले. कमरेत कट्‌ झालं आणि डावा पाय पेटला. मी कशी ओरडले ते मला आठवत नाही, निखिलला आठवतं.

तो धावला. सर गरजले, "हात मागे! हलवू नका तिला!" मग माझ्याजवळ येऊन गुडघ्यावर बसले आणि विचारलं, "अंगठा हलतो का?" हलत नव्हता. पाड्यावरच्या माणसांनी बाज आणली, मला उताणी निजवलं आणि गाडीच्या रस्त्यापर्यंत नेलं. पुढे डॉक्टर म्हणाले, "ओढाताण केली नाही ते फार बरं केलं." ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

त्या गडबडीत निखिल म्हणाला, "सर, हिची सायकल?" सर म्हणाले, "मी बसतो." आणि बसले. दुपारी अडीचला माझा नवरा दवाखान्याचे कागद आवरून सायकल आणायला ओढ्यावर गेला, तेव्हा सर तिच्याशेजारी दगडावर बसलेले होते. सकाळी आठपासून. पेरू तेवढा खाल्लेला. सायकल जिथे पडली तिथेच, तशीच.

"अहो, रस्त्यापर्यंत आणून ठेवायचीत ना," नवरा म्हणाला.

"तिची आहे. तुम्ही घरचे, तुम्ही उचला."

माझ्या नवऱ्याने जन्मात सायकल खांद्यावर घेतली नव्हती. तो दोनदा घसरला, गुडघा फोडून घेतला. सर शेवटपर्यंत हात मागे बांधून त्याच्या मागून चालत आले. त्या रात्री त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो रडकुंडीला आला होता, रागाने. साडेसहा तास उपाशी राखण करायची पण हात लावायचा नाही, हे माणसाचं लक्षण आहे का?

कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर येऊन नस दाबत होती, ती कापून काढली. पाय आला, अंगठ्यातली जाणीव गेली ती गेलीच. पुढचे सहा महिने मी खुर्चीत वीस मिनिटांच्या वर बसू शकत नव्हते. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात भिंतीला टेकून उभी राहिले. ऑफिसमधलं प्रमोशन माझ्या हाताखालच्या मुलाला मिळालं, आणि वाईट म्हणजे तोच मला येऊन "मॅडम, फाईल मी नेतो" म्हणायचा. घरी तर मी काचेचं भांडंच झाले. बादलीला हात लावला की नवरा धावायचा, कुकर उचलला की मुलगी, "आई, ठेव तू!" सगळ्यांचं प्रेम खरं होतं. पण दिवसभर कुणी ना कुणी माझ्या हातातून काहीतरी काढून घेत असायचं, आणि मी परत सज्जनांच्या त्या जुन्या ग्रुपमध्ये येऊन पडल्यासारखी झाले होते.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सरांचा मेसेज यायचा. एकच शब्द. "किती?"

पहिल्या महिन्यात मी उत्तर दिलं नाही. मनात इतक्या शिव्या दिल्या की त्यांना उचकी लागली असेल. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही, किती? दुसऱ्या एक तारखेला पुन्हा "किती?" मी रागाने लिहिलं, "दोन." मग तीन. मग पाच, म्हणजे तांदळाची पिशवी. नौपाड्यात एक फिजिओथेरपीवाली मुलगी होती, ती रोज सांगायची, "कमरेतून नाही ताई, खुब्यातून वाका." सात किलोला मी मुलीचं दप्तर उचललं. ते खरंच सात किलोचं भरलं, त्यावरून घरात वेगळं भांडण झालं. नऊ. दहा. मग पुन्हा कळ उठली आणि सहावर आले. "सहा" लिहिताना मला रडू फुटलं. सरांकडून ना कधी "छान", ना "हळूहळू". फक्त पुढच्या महिन्यात पुन्हा "किती?"

एक मात्र कबूल करते. मी परत सायकल उचलणार हे त्या सगळ्या काळात फक्त त्या एका शब्दात गृहीत धरलेलं असायचं. डॉक्टर "बघू" म्हणत होते, नवरा "काय गरज आहे?" म्हणत होता, आणि मी स्वतः तर काही म्हणतच नव्हते.

घरी मात्र सर एकदाही आले नाहीत. त्यांची बायको आली. काकू, गोऱ्या, ठेंगण्या, सारख्या कुणाची तरी माफी मागत असल्यासारख्या बोलणाऱ्या. डिंकाचे लाडू घेऊन आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, "मी आले होते हे त्यांना सांगू नकोस हं." चहा घेता घेता म्हणाल्या, "तुला राग असेल. असणारच गं. पण ते हात मागे कुठून आलं, तुला ठाऊक आहे का?"

मला वाटत होतं, वर्कशॉपची शिस्त. एकजण मशीनवर असला की बाकीच्या मुलांनी हात मागे बांधून उभं राहायचं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

"शिस्त आहेच," काकू म्हणाल्या. "पण आधी हे इतके कडक नव्हते. एका मुलाच्या मशीनवर लोखंडाचा कीस अडकला होता. शेजारी त्याचा मित्र उभा होता, नुसता बघत. हे त्याला म्हणाले, अरे, बघतोस काय, मदत कर त्याला. त्याने घातला हात. मशीन चालू होतं. दोन बोटं गेली." काकूंनी आपल्याच हाताची दोन बोटं दुसऱ्या हाताने धरली होती. "चौकशी झाली, ह्यांच्यावर काही आलं नाही. मुलगासुद्धा म्हणाला, माझीच चूक. पण हे महिनाभर जेवताना स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायचे. तेव्हापासून कुणी कुणाला मदत करायला निघालं की ह्यांना सहनच होत नाही."

लाडू फार चांगले होते. मी ते सगळे खाल्ले आणि राग तेवढाच राहिला. त्या मुलाची बोटं गेली म्हणून माझी कंबर जायला हवी होती का? समजणं आणि राग जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला पहिलीच जमली.

चौदाव्या महिन्यात मी लिहिलं, "साडेतेरा."

पाच मिनिटांत उत्तर आलं. "रविवार. पावणेसहा."

त्या रविवारी येऊरच्या गेटपाशी सरांनी सगळ्यांचे ब्रेक दाबून बघितले. माझ्यापाशी आल्यावर पिशवीतून एक पेडल काढलं, वर बारीक दाते असलेलं, आणि पान्यासकट माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं. "डावं आहे. बसव." दाते कशाला ते मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अंगठ्यात जाणीव नाही, पाय साध्या पेडलवरून घसरला तर मला समजणारही नाही. दवाखान्यात त्यांनी अंगठ्याकडे बघितलं होतं ते यासाठी. पण बसवून द्यायचे ते? छे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मी विसरले होते. पाच मिनिटं चुकीच्या बाजूला पाना फिरवत, घामाघूम होत बसले आणि पाचही जण हात मागे बांधून बघत उभे.

ओढा मी ओलांडला. खुब्यातून वाकले, श्वास धरला, उचलली. पस्तीस पावलं. पलीकडे गेल्यावर सर म्हणाले, "मागचं चाक दगडाला घासलं."

मग उतार. भीती होती, कंबर कडक होती, पहिल्या दोन वळणांवर तर मी चक्क पाय टेकवले. पण तिसऱ्या वळणापासून सायकल सुटली आणि मीही सुटले. खाली पोचल्यावर हेल्मेट काढलं नाही, कारण तोंड ओलं होतं. ते बघून निखिल म्हणाला, "मी तर धरून चाललेलो की तू परत येणारच नाहीस."

सर पेरू कापत होते. मी वाट बघत होते. चौदा महिने मी या क्षणाचा मनात सराव केला होता. त्यात सर एक वाक्य बोलायचे. "त्या दिवशी मी तुला राहू दे म्हणायला हवं होतं." बस, एवढंच. त्यावर मी "जाऊ द्या हो सर" म्हणणार होते, तेसुद्धा पाठ होतं.

सरांनी मला पेरूची फोड दिली. तिखटमीठ जास्त झालं होतं.

ते वाक्य पुढच्या रविवारीही आलं नाही, त्याच्या पुढच्याही. मी दर रविवारी सायकल उचलायची, दर रविवारी उतरायची, आणि मनातली आढी घेऊन घरी यायची. ज्यासाठी जीव टाकला होता ते मिळालं होतं आणि मला पुरत नव्हतं.

पुढच्या थंडीत मी काकूंचा लाडवांचा डबा परत करायला नौपाड्यात गेले. दीड वर्ष डबा परत केला नव्हता, तोही रागच. जिन्याखाली सरांची सायकल उभी होती, कुलूप लावून. दारात काकू पटकन म्हणाल्या, "चाकात हवा नाही ना, म्हणून खाली ठेवलीय." मी काही विचारलंच नव्हतं.

मग माझ्या लक्षात यायला लागलं. सर हल्ली ब्रेक बघून झाले की आमच्याआधी निघायचे. आम्ही ओढ्यापाशी पोचायचो तेव्हा ते पलीकडे बसलेले असायचे. निखिल म्हणायचा, "सर सॉलिड फास्ट झालेत यार." मी त्यांच्या सायकलकडे बघायची. हँडलच्या टोकाला चिखल, दांडीवर नवे ओरखडे. ते तिला दगडांवरून ओढत नेत होते, एकेका दगडावर टेकवत, आम्ही यायच्या आत. सत्तरीला टेकलेला माणूस. मला कळलं होतं आणि मी कुणाला सांगितलं नाही. ती माझी माणुसकी नव्हती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

आणि मग एका रविवारी चढावर सरांच्या चाकात काटा गेला. पंक्चर काढेपर्यंत आम्ही सगळे थांबलो, त्यामुळे ओढ्यावर सगळे एकदम पोचलो. सरांनी आमच्याकडे बघितलं, मग दगडांकडे. "लागा पुढे," म्हणाले. पण नियमच असा होता की एकजण ओढ्यात असला की बाकीच्यांनी थांबायचं, आणि सर सगळ्यांत पुढे होते. कुणी हललं नाही.

त्यांनी सायकल उचलली. गुडघ्यापर्यंत आली आणि खाली ठेवली. हात पुसले, पुन्हा धरली. पुन्हा गुडघ्यापर्यंत. तिसऱ्यांदा त्यांचे दंड थरथरताना मला मागून दिसले. खाकी पँटीखालच्या पोटऱ्या किती बारीक झाल्या होत्या!

निखिलला राहवलं नाही. "सर, द्या ना. मी घेतो," म्हणत तो पुढे झाला.

"हात मागे!"

ओरडले ती मी. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. हुबेहूब त्यांच्यासारखा, वर्कशॉपमधला. निखिलचे हात सवयीने आपोआप मागे गेले. बाकीच्यांचेही गेले. सरांनी वळून बघितलं आणि कोण ओरडलं ते त्यांना कळलं. मीही माझे हात मागे बांधले. मी तेव्हा पंधरा किलो उचलत होते. दोन पावलं पुढे टाकून त्यांची सायकल घेणं मला काहीच जड नव्हतं. मला काकूंची दोन बोटं आठवत होती, जमिनीवर ठेवलेलं पेडल आठवत होतं, सगळं आठवत होतं.

"बरोबर," सर म्हणाले.

त्यांनी चौथ्यांदा प्रयत्न केला नाही. सायकल वळवली. "तुम्ही लागा," म्हणाले आणि रस्त्याने परत गेले. त्या दिवशी मी उतार जितका सुरेख उतरले तितका त्याआधी कधी उतरले नव्हते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

सर पुन्हा आले नाहीत. मला कुणी काही बोललं नाही, निखिल फक्त पुढचे दोन-तीन रविवार माझ्याशेजारून सायकल चालवायचं टाळत होता. पुढच्या एक तारखेला मी सकाळी फोन हातात घेऊन बसले. "किती?" लिहिलं आणि पुसलं. त्याच्या पुढच्या एक तारखेलाही. माझी कंबर गेली होती तेव्हा त्यांनी चौदा महिने एकदाही तारीख चुकवली नव्हती.

परवा नौपाड्यात सर दिसले, आठेक महिन्यांनी. भाजीवाल्यापाशी होते. खाकी नाही, लेंगा आणि शर्ट. मला बघून थांबले. "कंबर कशी आहे?" विचारलं. हे त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"बरी आहे. सर, तुमची सायकल..."

"दिली एकाला."

आम्ही फुटपाथवरून त्यांच्या इमारतीपर्यंत आलो. जिन्याखालची जागा रिकामी होती. सर पहिल्या पायरीशी थांबले, कठड्याला धरलं आणि मला म्हणाले, "जरा घेतेस का गं? तीन जिने आहेत."

पिशवी त्यांनी माझ्यापुढे धरली होती. माझे हात मागे होते, कसे आणि कधी गेले मला ठाऊक नाही. ते पुढे आणायला मला वेळ लागला. तेवढ्या वेळात त्यांनी ओरडावं, पिशवी मागे घ्यावी, काहीतरी तिरसट बोलावं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते नुसते पिशवी धरून उभे होते.

तिन्ही जिने ते कठड्याला धरून चढले, मी मागून पिशवी घेऊन. दारात त्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि म्हणाले, "थँक यू हं."

पिशवीत एक दुधी होता आणि मेथीची जुडी. मला आता हातात घेतल्याबरोबर वजन कळतं. दोन किलोसुद्धा नव्हतं.